घाम फुटला की काढा बंद

चायनीज जडीबुटीने दमा, संधिवात, शुगर मुळापासून जाते, हजारो वर्षं जुनं शास्त्र आहे, साइड इफेक्ट शून्य, असं कुणी सांगायला लागलं की मला शेननोंग या चीनच्या पौराणिक राजाच्या नावावरचा तो जुना औषधांचा ग्रंथ आठवतो. साधारण 2000 वर्षांपूर्वीचा, त्यात 365 औषधं आणि त्यांचे तीन वर्ग, वरची 120 कितीही दिवस घ्या, मधली 120 जरा जपून आणि खालची 125 विषारी, ती जास्त दिवस घ्यायचीच नाहीत. म्हणजे साइड इफेक्ट नाहीत असं त्यांनी कधी म्हटलेलंच नाही. (अर्थात वरच्या वर्गात हिंगूळही आहे, पाऱ्याचं खनिज! चुका तेव्हाही व्हायच्याच.)

माहुआंगचंच उदाहरण घ्या, म्हणजे एफेड्रा, नुसत्या हिरव्या काड्यांचं झुडूप. जुन्या पद्धतीत ते आधी एकटं उकळायचं, वर आलेला फेस काढून टाकायचा, मग दालचिनीच्या कोवळ्या काड्या, जर्दाळूच्या बियांचा गर आणि जेष्ठमध घालायचं, आणि घाम फुटून बरं वाटलं की उरलेला काढा घ्यायचा नाही. 1885 मध्ये जपानचे रसायनशास्त्रज्ञ नागाई यांनी त्यातून एफेड्रिन वेगळं काढलं, 1924 मध्ये पेकिंगला, म्हणजे आजच्या बीजिंगला, के. के. चेन आणि कार्ल श्मिट यांनी त्याचं काम दाखवलं आणि दम्याच्या पेशंटला गोळी मिळाली, तोवर ॲड्रेनालिनचं इंजेक्शन टोचून घ्यावं लागायचं. आपल्याकडच्या दम्याच्या जुन्या गोळ्यांतही एफेड्रिन असायचं. पुढे अमेरिकेत हेच माहुआंग वजन कमी करायच्या सप्लिमेंटमध्ये गेलं, लोक रोज खायला लागले, हार्ट अटॅक, स्ट्रोकच्या केसेस आल्या आणि 2004 मध्ये तिथे त्यावर बंदी आली.

मधल्या काळात चीनमध्ये वेगळंच चाललं होतं, 1929 मध्ये तिथल्या सरकारी बैठकीत देशी वैद्यकी बंदच करायचा ठराव झाला, वैद्य रस्त्यावर उतरले म्हणून वाचली, आणि 1956 मध्ये माओच्या सरकारने तिची चार कॉलेजं काढली. आज 'टीसीएम' (ट्रॅडिशनल चायनीज मेडिसिन) म्हणून जे जगभर विकतात त्याची साचेबंद घडी तेव्हाची.

पण खरा धडा ब्रुसेल्सचा. 1990 च्या सुमाराला तिथल्या एका स्लिमिंग क्लिनिकने कॅप्सूलमध्ये चायनीज वनस्पती घातल्या. हवी होती हानफांगजी, आली ग्वांगफांगजी, दोन्ही फांगजीच्याच नावाने विकल्या जायच्या, पण दुसरी अरिस्टोलोकिया, तिच्यातलं अरिस्टोलोकिक ॲसिड किडनी खाणारं. शंभरावर बायकांच्या किडन्या गेल्या, काहींना डायलिसिस, काहींना ट्रान्सप्लांट, आणि 2000 मध्ये कळलं की निकामी किडनी काढून टाकलेल्या 39 जणींपैकी 18 जणींना मूत्रमार्गात कॅन्सर निघाला. चीनने ग्वांगफांगजी आपल्या अधिकृत यादीतून काढली तीही त्यानंतर, 2004 मध्ये.

अरिस्टोलोकियाची एक जात आपल्याकडेही उगवते, ईश्वरी, सापाच्या विषावर म्हणून गावाकडे अजून तिचं नाव घेतात. तिच्यातही तेच ॲसिड असतं.