स्टेजखालचा मायक्रोस्कोप

“सर, काहीच दिसत नाहीये.”

कांद्याच्या पापुद्र्याचं प्रॅक्टिकल या वाक्याशिवाय पार पडल्याचं मला आठवत नाही. स्लाइड, तिच्यावर पापुद्रा, पाण्याचा थेंब, वर कव्हरस्लिप, सगळं यथासांग झालेलं असतं. पोरगं डोळा लावून बसतं आणि आत नुसता पांढरा लखलखाट. मग ते हमखास एकच गोष्ट करतं: 10 चं (10 पट मोठं दाखवणारं) भिंग बाजूला सारून 40 चं लावतं. मोठं केलं की दिसेल, असा सरळ हिशेब. त्या नादात बरेचदा कव्हरस्लिप तडकते, कारण 40 च्या भिंगाचं टोक आणि काच यांत जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची फट उरते.

उपाय वर नसतो, खाली असतो. स्लाइड ज्यावर ठेवतात त्या स्टेजच्या पोटाशी एक बारीकशी दांडी असते. ती थोडी फिरवली की लखलखाट ओसरतो आणि विटांच्या भिंतीसारख्या पेशींच्या रेषा उमटतात. ‘जादू!’ असे भाव तोंडावर येतात. जादू नाही, पण मायक्रोस्कोपचं अर्धं शास्त्र त्या दांडीत आहे हे मात्र खरं.

शाळेत, कॉलेजात, गल्लीतल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये असतो तो मायक्रोस्कोप ब्राइट फील्ड जातीचा. खाली दिवा (जुन्या यंत्रात आरसा), त्यावर प्रकाश एकवटणारा कंडेन्सर, मग स्लाइड, तिच्यावर वस्तुभिंग आणि शेवटी डोळ्यापाशी नेत्रिका. वस्तुभिंग 40 चं, नेत्रिका 10 ची, म्हणून प्रतिमा 400 पट. उजेड वस्तूतून आरपार येतो. वस्तूने जेवढा अडवला तेवढा भाग काळोखा किंवा रंगीत दिसतो, बाकी मैदान उजळ. म्हणून ‘ब्राइट फील्ड’.

गोम इथेच आहे. सजीव पेशी उजेड फारसा अडवतच नाहीत. बादलीत हिरवी बांगडी पडली तर पटकन सापडते. बिनरंगी काचेचा तुकडा पडला तर हात घालायची भीती वाटते, कारण तो असतो पण दिसत नाही. कांद्याची पेशी म्हणजे तो बिनरंगी तुकडा. ती दाखवायची तर दोनच वाटा: तिला रंगवा, किंवा तिच्या कडा उठून दिसतील असा उजेड टाका.

दुसरी वाट त्या दांडीची. दांडीने कंडेन्सरमधला आयरिस डायफ्रॅम उघडतो आणि मिटतो. तो सताड उघडा असला की उजेड चहूबाजूंनी तिरपा शिरतो. आभाळ भरून आलं की उजेड सगळीकडून येतो आणि सावल्या नाहीशा होतात, तसंच काहीसं. डायफ्रॅम मिटत आणला की उजेडाचा शंकू निमुळता होतो, पेशीच्या कडेशी वाकलेले किरण वेगळे पडतात आणि कडा काळ्या दिसतात. पापुद्रा तोच, भिंग तेच.

रंगवायची वाट आपल्या जास्त ओळखीची. आयोडीनचा थेंब टाकला की कांद्याच्या पेशीतलं केंद्रक पिवळट-तपकिरी होऊन उठून दिसतं. रक्ताच्या स्मिअरला, म्हणजे काचेवर पातळ पसरलेल्या थेंबाला, लीशमन स्टेन नावाचा रंग लावतात: तांबड्या पेशी गुलाबी, पांढऱ्या पेशींची केंद्रकं जांभळी. (स्मिअर धुवायला बोअरचं पाणी वापरलं आणि ते अल्कधर्मी निघालं की तांबड्या पेशीही निळसर होऊन बसतात. दोष मग रंगाच्या बाटलीला दिला जातो.)

रंगवलेल्या स्लाइडसाठी डायफ्रॅम मिटायचा की उघडायचा? याचं चोख उत्तर जर्मन डॉक्टर रॉबर्ट कॉखने 1878 च्या सुमारास दिलं. जखमा चिघळलेल्या उतींत तो जीवाणू शोधत होता. अडचण अशी की जीवाणू रंगवले तरी भोवतालच्या उतींच्या असंख्य कडा आणि रेषा त्यांना झाकून टाकत. येना शहरात कार्ल झाइसच्या कारखान्यात काम करणाऱ्या एर्न्स्ट अबेने नवा कंडेन्सर बनवला होता. कॉखने तो लावून डायफ्रॅम पूर्ण उघडला. कडांचं जाळं विरून गेलं आणि उरले फक्त रंगलेले जीवाणू. पोरगं ज्या लखलखाटाला वैतागतं, तोच लखलखाट कॉखने हत्यार म्हणून वापरला. 24 मार्च 1882 ला बर्लिनमध्ये त्याने क्षयाचा जीवाणू जाहीर केला, त्यामागेही रंग आणि उजेड यांवरची हीच हुकमत होती.

तर बिनरंगी वस्तूला डायफ्रॅम मिटा, रंगीत वस्तूला उघडा. पण मिटण्याची किंमत मोजावी लागते, आणि ती अबेनेच 1873 मध्ये सूत्रात मांडून ठेवली आहे.

एसटीच्या पाटीचा लांबून फोटो काढा आणि मोबाइलवर ताणून मोठा करा. अक्षरं मोठी होतात, वाचता मात्र येत नाहीत. भिंगाचंही तसंच आहे. वस्तू किती पट मोठी होते हा एक प्रश्न, आणि जवळजवळचे दोन ठिपके दोन म्हणून दिसतात का हा दुसरा, जास्त महत्त्वाचा. दुसऱ्याचं उत्तर वस्तुभिंगावर 40 शेजारी कोरलेल्या 0.65 सारख्या आकड्यात असतं; तो आकडा कोणी वाचत नाही. त्याला न्यूमरिकल अपर्चर म्हणतात. वस्तूतून फाकून निघणारा प्रकाश भिंग किती रुंद कोनातून गोळा करू शकतं, ते तो सांगतो. जितकी नक्षी बारीक, तितका तिचा प्रकाश जास्त फाकतो. भिंगाच्या तोंडात तो शिरलाच नाही तर नक्षी प्रतिमेतही नाही. मग नेत्रिका कितीही जोरदार लावा.

अबेच्या सूत्रानुसार ओळखता येणारं सर्वांत कमी अंतर म्हणजे प्रकाशाची तरंगलांबी भागिले त्या आकड्याची दुप्पट. हिरवा प्रकाश 550 नॅनोमीटरचा धरला, 100 च्या भिंगाचा आकडा 1.25 धरला, तर उत्तर 220 नॅनोमीटर. तांबडी पेशी सात-आठ हजार नॅनोमीटरची, जीवाणू साधारण हजार-दोन हजारांचे. ही मंडळी सहज दिसतात. करोनाचा विषाणू सुमारे 100 नॅनोमीटरचा, म्हणून त्याची चित्रं इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपनेच काढावी लागली. ऑनलाइन ‘2000 पट’ असं ठसठशीत लिहिलेले मायक्रोस्कोप विकतात, तेव्हा एवढं पाहावं: न्यूमरिकल अपर्चरच्या हजारपटीपलीकडचं मोठेपण म्हणजे ताणलेला फोटो.

आता तेलाचं कोडंही सुटतं. हवेत हा आकडा 1 च्या पुढे जाऊच शकत नाही, कारण काचेतून हवेत येताना तिरपे किरण आणखी तिरपे होऊन भिंग चुकवतात. म्हणून 100 चं भिंग आणि स्लाइड यांच्यामध्ये तेलाचा थेंब घालतात. पूर्वी देवदार जातीच्या लाकडाचं तेल वापरत. त्याचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो ते सांगणारा आकडा) 1.515, जवळजवळ काचेइतकाच. किरणाला काच संपल्याचा पत्ताच लागत नाही, तो सरळ भिंगात येतो. काम झाल्यावर तेल पुसायचं असतं, एवढी एकच गोष्ट शिकवून येत नाही.

आणि डायफ्रॅम मिटण्याची किंमत? खालून येणारा शंकू निमुळता केला की भिंगाच्या रुंद तोंडाचा पुरता उपयोग होत नाही. कडा ठळक होतात, बारकावे जातात. मधला मार्ग असा: स्लाइडवर फोकस करा, नेत्रिका काढा, नळीतून खाली पाहा. उजेडाची गोल चकती दिसेल. डायफ्रॅम हळूहळू मिटत या आणि चकतीचा तीन-चतुर्थांश भाग उजळ राहिला की थांबा. भिंग बदललं की पुन्हा हेच. कंडेन्सर स्लाइडच्या जवळ, जवळपास वर नेलेला ठेवा. आणि डोळे दिपत असतील तर दिव्याचं बटण कमी करा, डायफ्रॅमला हात लावू नका.

तरी कधी कधी निसर्ग स्वतःच रंगवून ठेवतो. ऑगस्ट 1897, सिकंदराबाद. मलेरिया डासांतून पसरतो का हे शोधणारा ब्रिटिश डॉक्टर रोनाल्ड रॉस मलेरियाच्या रुग्णाला चावलेले डास एकेक करून चिरत होता. उकाडा भयंकर, पण पंखा हलवायची सोय नाही. डासांचे तुकडे उडाले असते. कपाळाच्या घामाने मायक्रोस्कोपचे स्क्रू गंजले होते आणि उरलेल्या एकुलत्या नेत्रिकेला तडा गेला होता. रंग वगैरे काही न लावता तो डासाच्या जठराची भिंत पाहत होता. 20 तारखेला तिथे साधारण 12 मायक्रॉनची (म्हणजे 12 हजार नॅनोमीटरची) एक गोल पेशी दिसली. एवढ्यावर कोणी थांबलं नसतं, कारण बिनरंगी गोल पेशी खूप असतात. पण त्या पेशीत काळेभोर कण होते. तांबड्या पेशीतलं हिमोग्लोबिन खाऊन मलेरियाचा परजीवी जो गाळ मागे ठेवतो, तोच हा काळा रंग. रुग्णांच्या रक्तात रॉसने तो अनेकदा पाहिलेला होता. दुसऱ्या दिवशी आणखी एक डास चिरला. पेशी तशाच होत्या, कण तेच, फक्त पेशी आदल्या दिवसापेक्षा मोठ्या झाल्या होत्या.