भाड्याच्या मालमत्तेसाठी दुरुस्ती व भांडवली खर्चाची तरतूद

भाड्याने दिलेल्या घराची किंवा गाळ्याची डागडुजी करण्यासाठी आणि त्यातील मोठे घटक कालांतराने बदलण्यासाठी भाड्यातून नियमितपणे बाजूला काढलेली रक्कम म्हणजे ही तरतूद. गळका नळ, बिघडलेले कुलूप, तुंबलेली मोरी हा चालू दुरुस्तीचा खर्च. छताचे वॉटरप्रूफिंग, संपूर्ण वायरिंग किंवा पाइपलाइन नव्याने करणे हा भांडवली खर्च. हिशेबात पहिला साधारणपणे त्याच वर्षी खर्ची पडतो, दुसरा घसाऱ्याच्या रूपाने अनेक वर्षांवर विभागला जातो. दोहोंमधली नेमकी सीमा त्या त्या देशाचा करकायदा ठरवतो.

मालमत्तेच्या किमतीच्या १ टक्का रक्कम दरवर्षी राखून ठेवावी, हा सर्वात प्रचलित ठोकताळा. तो सोपा आहे, पण फसवा. घराच्या बाजारभावात जमिनीची किंमत मिसळलेली असते, आणि जमीन महाग आहे म्हणून छत लवकर गळत नाही. त्यामुळे मोक्याच्या जागेवरील नव्या घराला हा नियम गरजेपेक्षा जास्त रक्कम सांगतो, तर आडबाजूच्या जुन्या घराला तुटपुंजी. भाड्याचा ठरावीक हिस्सा राखण्याच्या पद्धतीतही घराचे वय लक्षात येत नाही.

घटकवार पद्धत अधिक भरवशाची. प्रत्येक मोठ्या घटकाचे उरलेले आयुष्य आणि तो बदलण्याचा आजचा खर्च मांडून वार्षिक रक्कम काढतात. समजा, वॉटरप्रूफिंगला ६ महिन्यांच्या भाड्याएवढा खर्च येतो आणि ते १० वर्षे टिकते. पहिल्या वर्षापासून तरतूद केली, तर वर्षाला जेमतेम १८ दिवसांचे भाडे बाजूला पडते. तेच घर ६ वर्षांनी विकत घेतले आणि आधीचा निधी हाती आला नाही, तर उरलेल्या ४ वर्षांत दरवर्षी दीड महिन्याचे भाडे राखावे लागते. म्हणूनच जुनी मालमत्ता घेताना ही मांडणी सौदा ठरण्यापूर्वी करायला हवी. मजुरी व साहित्याचे भाव चढत असल्याने आकडे दरवर्षी नव्याने तपासावे लागतात.

एकच घर असलेल्या मालकाला सरासरीचा आधार फारसा मिळत नाही. पंप आणि छत एकाच वर्षी निकामी होऊ शकतात, आणि त्याच काळात घर रिकामेही असू शकते. त्याने घटकवार रकमेखेरीज काही महिन्यांच्या भाड्याएवढी शिल्लक सुरुवातीलाच वेगळ्या खात्यात ठेवणे इष्ट. भाडेकरूची अनामत या निधीत धरू नये. ती परत करायची रक्कम असते.