पाणमांजर की मिंक? इंग्लंडच्या कालव्यातून नेमके काय पोहत गेले

इंग्लंडमध्ये टोपाथवरून, म्हणजे कालव्याकाठच्या पायवाटेवरून, पहाटे फिरणाऱ्याला कधी ना कधी हे दिसतेच. तपकिरी, लांबुडके, ओले काहीतरी पाणी कापत पलीकडच्या काठाला जाते आणि लव्हाळ्यात शिरून दिसेनासे होते. सगळा मामला चार-पाच सेकंदांचा. ग्रँड युनियन कालवा लंडनहून बर्मिंगहॅमला जातो, त्याचे फाटे स्लाऊकडे आणि लेस्टरकडे फुटतात. या सगळ्या शहरांत मराठी घरे आहेत, त्यामुळे असे व्हिडिओ आपल्यातही फिरतात आणि खाली लिहिलेले असते, ‘पाणमांजर दिसले!’ पुष्कळदा ते मिंक असते.

दोघेही एकाच कुळातले, दोघेही पाण्यात शिकार करणारे. पण पाणमांजर तिथले मूळचे रहिवासी आहे आणि कायद्याने पूर्ण संरक्षित आहे. मिंक अमेरिकेतून फरसाठी आणलेले, पैदास-फार्ममधून निसटलेले आणि तिथल्या पाणउंदरांचा, म्हणजे पाण्याकाठी बिळांत राहणाऱ्या उंदरांसारख्या प्राण्यांचा, फडशा पाडणारे. एकाची नोंद झाली तर त्याची बीळ-जागा जपली जाते, दुसऱ्याची झाली तर सापळा लागतो. ओळख चुकली की दोन्हीकडे नुकसान होते.

आपल्या वाचकांसाठी नावांचा एक गुंता आधी सोडवू. हिंदीतला ऊदबिलाव म्हणजे पाणमांजर. मराठीतले उदमांजर मात्र झाडावर चढणारे, फळे खाणारे, पाण्याशी संबंध नसलेले वेगळेच जनावर. मिंकला मराठी नाव नाही, कारण भारतात रानटी मिंक नाहीच. डोळ्यांपुढे आणायचे तर अंगाने मुंगसाएवढे, पण शेपूट मुंगसाच्या निम्मी, असे जनावर आणा.

आकारावर विसंबू नका

कागदावर फरक प्रचंड आहे. मोठे नर पाणमांजर नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत सव्वा मीटरच्या आसपास भरते, वजन साधारण 10 किलो, मादी 7 किलोच्या घरात. नर मिंक जेमतेम किलोभर, मादी त्याच्याही दोन तृतीयांश. म्हणजे दहापट फरक. एवढे असूनही लोक चुकतात, कारण पाण्यात मापायला शेजारी काही नसते आणि पाण्याबाहेर दिसते ते फक्त डोके. अंतर वाढले की नजर हटकून मोठा अंदाज करते. जवळून बदक किंवा पाणकोंबडी पोहत असेल तर तिच्याशी ताडून पाहा. पाणकोंबडीएवढे किंवा थोडेसेच लांब वाटले तर ते मिंक.

त्यापेक्षा जनावर पाण्यात कसे बसले आहे ते पाहा. आमच्या मते पहिल्या दोन सेकंदांत बघण्यासारखी हीच एक गोष्ट आहे. पाणमांजर पाण्यात बुडालेले असते. चपटे, रुंद डोके वर, बाकी अंग खाली, मागे इंग्रजी व्ही आकाराची लाट. कधी शांत पाण्यात डोके, पाठ आणि शेपटीचे टोक असे तीन उंचवटे दिसतात, पण मधली जागा पाण्याखालीच राहते. मिंक पाण्यावर तरंगते. डोक्यापासून पार्श्वभागापर्यंत पाठीची अख्खी रेघ वर, जणू वाहत चाललेली काठी. हालचालही अस्वस्थ, घाईची, दिशा सारखी बदलणारी.

बुडी मारतानाही फरक कळतो. पाणमांजर पाठ कमानीसारखी वाकवून आत जाते, शेपूट क्षणभर हवेत उठते आणि मग पृष्ठभागावर बुडबुड्यांची माळ सरकत जाते. फरमध्ये अडकलेली हवा दाबली जाऊन बाहेर पडते, तिची ही माळ. बुडी साधारण 20 ते 30 सेकंदांची. मनात आकडे मोजत राहिलात आणि दहाच्या आत जनावर वर आले तर मिंकची शक्यता वाढते.

शेपटीत सर्वांत जास्त लोक फसतात. पाणमांजराची शेपूट बुंध्याशी जाड असते, कंबर संपून शेपूट कुठे सुरू झाली ते सांगता येत नाही. पुढे ती निमुळती होत जाते. मिंकची शेपूट कोरडी असताना झुपकेदार, बाटली धुण्याच्या ब्रशसारखी. पण भिजली की केस चिकटून ती काटकी होते आणि ‘शेपूट बारीक आहे, म्हणजे पाणमांजर’ असा उलटा निष्कर्ष निघतो. जनावर काठावर येऊन अंग झटकेपर्यंत थांबा. शेपूट फुलली तर मिंक. आणि बारीकपणा बघू नका, बुंधा बघा.

चेहरा दिसलाच तर पाणमांजराचे तोंड रुंद, मिशा ठसठशीत, नाक-डोळे-कान डोक्याच्या वरच्या बाजूला जवळजवळ एका रेषेत. गळा फिकट. मिंकचे तोंड टोकदार, अंग गडद चॉकलेटी, लांबून काळेच वाटणारे, आणि हनुवटीवर खडूचे बोट टेकवल्यासारखा पांढरा डाग. हा डाग बहुतेक मिंकना असतो, सगळ्यांना नाही.

वेळही काही सांगते. इंग्लंडच्या नद्या-कालव्यांवरची पाणमांजरे बहुतांशी रात्रीची. मिंक दिवसाही हिंडते, आणि जिथे पाणमांजरे परतली आहेत तिथे त्यांना टाळण्यासाठी ते अधिकच दिवसाकडे सरकलेले दिसले आहे. त्यामुळे भर दुपारी, तुम्हाला पाहूनही न घाबरता दगडांच्या फटींत नाक खुपसत फिरणारे जनावर बहुधा मिंकच. शहरांतली काही पाणमांजरे माणसाला सरावली आहेत, म्हणून नुसत्या वेळेवर निकाल देऊ नये. झाडावर चढले तर मात्र मिंकच समजा. तीव्र, एकसुरी शिट्टी ऐकू आली तर पाणमांजर, पिल्ले आईला तशी हाक मारतात.

पिल्लांवरूनही अंदाज बांधता येतो. मिंकची वीण वर्षातून एकदा, एप्रिलअखेर ते मेमध्ये, चार ते सहा पिल्ले, आणि ऑगस्टपासून ती पांगतात. पाणमांजराची वीण कोणत्याही ऋतूत, पिल्ले दोन-तीन, आणि ती आईबरोबर वर्षभर राहतात. जानेवारीच्या थंडीत दोन-तीन जनावरे एकत्र पोहताना दिसली तर ती आई आणि तिची पिल्ले, आणि ती पाणमांजरेच.

जनावर गेले, खुणा राहिल्या

खरी खात्री पटते ती खुणांवरून, कारण तिथे माप घेता येते. चिखलात ठसा दिसला की आधी कुत्रा बाद करा, टोपाथवर दहातले नऊ ठसे त्याचेच. कुत्रा, कोल्हा, मांजर यांना चार बोटे. पाणमांजर आणि मिंक दोघांनाही पाच. मात्र कडक चिखलात पाचवे बोट उमटत नाही, म्हणून एका ठशावर न थांबता ओळीतले पाच-सहा ठसे पाहा. पाणमांजराचा ठसा 6 ते 7 सेंटिमीटर रुंद, बोटांचे गोल टेंगूळ तळव्याभोवती कमानीत, पडदा फक्त अगदी मऊ गाळात दिसतो. मिंकचा जेमतेम 3 सेंटिमीटर, बोटे फाकलेली, नखांची टोके उमटलेली, चांदणीसारखा. फोटो काढताना शेजारी एक पौंडाचे नाणे ठेवा, त्याचा व्यास 23 मिलिमीटरहून किंचित जास्त आहे. मिंकचा ठसा नाण्याहून थोडासा मोठा दिसेल, पाणमांजराच्या ठशात नाणे सहज मावेल. कॅमेरा सरळ वरून धरा, तिरका धरला की माप फुकट जाते. लहान पाणमांजराचा ठसा मिंकच्या जवळ येतो, पण तेव्हा शेजारी आईचे मोठे ठसे सापडतात.

विष्ठेचा पुरावा याहून पक्का. पाणमांजर ती मुद्दाम ठळक जागी ठेवते: पुलाखालचा कट्टा, लॉकशेजारून (लॉक म्हणजे बोटी वर-खाली नेणारी दारांची पाणकोठी) जादा पाणी वाहून नेणाऱ्या बगल-पाटाचे तोंड, दोन प्रवाह मिळतात तिथला दगड. कालव्याच्या कडा लोखंडी पत्र्याने किंवा दगडाने बांधलेल्या असतात, बाहेर यायला जागा मोजक्या, म्हणून एकदा अशी जागा सापडली की वर्षानुवर्षे तिथेच खुणा मिळत राहतात. ताजी असताना काळी, डांबरासारखी चिकट, वाळली की राखाडी होऊन विस्कटणारी, आणि आत माशांची खवले, बारीक काटे, कधी बेडकाची हाडे. आकार ठरावीक नाही, कधी नुसता बोटाएवढा फराटा. वास माशाचा, पण गोडसर: वाळल्या गवताचा, काहींना चमेलीच्या चहाचा वाटतो.

मिंकची विष्ठा पीळ दिलेल्या सुतळीसारखी, 6 ते 9 सेंटिमीटर लांब, जाडी सेंटिमीटरच्या आत, दोन्ही टोके निमुळती. आत केस, पिसे, उंदराची हाडे. मिंकही मासे खाते, तेव्हा आतला ऐवज सारखाच दिसतो आणि वासच निर्णायक ठरतो. मिंकचा वास जळक्या रबरासारखा, सडक्या मांसासारखा, एकदा घेतला की विसरत नाही. काडीने उकलून पाहा, हात लावू नका, नंतर साबणाने हात धुवा. कालव्याकाठी उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. आणि पाणमांजराची खूण तिथून उचलून नेऊ नका. तो दुसऱ्या पाणमांजरासाठी ठेवलेला निरोप आहे.

मिंकने पाणमांजर हाकलले?

हा समज ब्रिटनमध्ये अनेक वर्षे टिकला. फरसाठी मिंक पाळणे तिथे 1929 मध्ये सुरू झाले, आणि 1956 मध्ये डेव्हनमधल्या टीन नदीवर त्यांची रानातली वीण पहिल्यांदा पक्की नोंदली गेली. पाणमांजरे झपाट्याने नाहीशी होऊ लागली तीही त्याच सुमाराला. एक आले, दुसरे गेले, म्हणून दोष आलेल्याच्या माथी बसला. खरे कारण डिल्ड्रिन आणि ऑल्ड्रिन ही कीटकनाशके. बियाण्यांना चोळलेले आणि मेंढ्यांवरची कीड मारायला त्यांना बुडवतात त्या पाण्यात वापरलेले हे विष पाण्यात उतरले, माशांत साठले आणि मासे खाणाऱ्या पाणमांजरांत एकवटले. 1977–79 मध्ये इंग्लंडभर पाहणी झाली तेव्हा 2,940 ठिकाणांपैकी फक्त 170 ठिकाणी खुणा मिळाल्या, सहा टक्केही नाहीत. 2009–10 च्या पाहणीत हे प्रमाण 58.8 टक्क्यांवर आले, आणि 2011 मध्ये केंटमध्ये पाणमांजर नोंदले गेल्यावर इंग्लंडचा एकही परगणा रिकामा उरला नाही. ही फार आनंदाची गोष्ट आहे. विष थांबवले, 1978 मध्ये शिकारीला बंदी आली, नद्या हळूहळू स्वच्छ झाल्या, आणि जनावर आपल्या पायांनी परत आले.

मिंकने मोकळी झालेली जागा घेतली होती. पाणउंदरांच्या बाबतीत मात्र ते निर्दोष नाही. मादी मिंक इतकी सडपातळ की पाणउंदराच्या बिळात सरळ शिरते. पाण्यात उडी आणि बीळ, हे पाणउंदराचे दोनच बचाव. इतर शिकाऱ्यांपुढे ते पुरतात, हिच्यापुढे दोन्ही निकामी. एक मादी एका वीण-हंगामात काठाचा अख्खा पट्टा रिकामा करते.

म्हणून मिंक पकडावे लागते, आणि त्यासाठी तराफा वापरतात. साधारण 120 बाय 60 सेंटिमीटरचा प्लायवुड, खाली तरंगायला थर्मोकोल, मधोमध लाकडी बोगदा. बोगद्याच्या तळाशी माती-वाळूचा ओला थर, त्याखाली फुलांच्या सजावटीत वापरतात तो पाणी शोषणारा फोम, म्हणजे थर वाळत नाही. मिंकला बोगदे तपासायची खोड, ते आत जाते आणि ठसे ठेवून जाते. तराफा आठवड्या-पंधरवड्याने पाहायचा, ठसे मिळाले तरच सापळा बसवायचा. इथे होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. दोर आखूड बांधला तर पूर आल्यावर तराफा उलटतो. थर फार ओला झाला तर ठसा मिटतो. आणि सर्वांत वाईट म्हणजे तोंडाला पाणमांजर-रोधक चौकट न लावणे: मोठे पाणमांजर आत मावत नाही, पिल्लू मावते. सापळा लावल्यावर दर 24 तासांत किमान एकदा पाहिलाच पाहिजे. पकडलेले मिंक पुन्हा सोडणे गुन्हा आहे आणि बुडवून मारणे हाही गुन्हा, म्हणून हे काम शिकलेल्या माणसाकडेच द्यावे.

नोंद कशी द्यावी

तारीख, वेळ, पुलाचा किंवा लॉकचा क्रमांक. इंग्लंडच्या कालव्यांवर हे क्रमांक पाटीवर लिहिलेले असतात आणि नकाशावरच्या टिंबापेक्षा अचूक ठरतात. पाठ पाण्यावर होती की बुडालेली, शेपटीचा बुंधा, बुडीचे सेकंद, एवढे लिहा. खात्री नसेल तर ‘खात्री नाही’ असेच लिहा. चुकीच्या ‘पाणमांजर’पेक्षा ती नोंद जास्त कामाची.

रस्त्यावर मेलेले पाणमांजर दिसले तर तेही कळवा. पुरात पुलाखालून पाणी जोरात वाहते आणि चालायला कट्टा उरत नाही, तेव्हा पाणमांजर वर चढून रस्ता ओलांडते आणि गाडीखाली येते. कार्डिफ विद्यापीठात 1990 च्या दशकापासून अशा मृत पाणमांजरांचे शवविच्छेदन होते, त्यातून नद्यांत कोणती रसायने उतरत आहेत ते कळते. जागा नेमकी दिली तर त्या पुलाखाली पुराच्या रेषेवर कट्टा बसवण्याची मागणी करता येते. मोटरवेवर मात्र थांबू नका, जवळचा जंक्शन क्रमांक आणि गाडीची दिशा एवढे पुरते.