अस्थी संशोधन प्रयोगशाळा, यूसीएलए

यूसीएलए म्हणजे कॅलिफोर्निया विद्यापीठाची लॉस एंजेलिस शाखा. तिथली ही प्रयोगशाळा अस्थिशल्यचिकित्सक मार्शल युरिस्ट (१९१४–२००१) यांच्या नावाने ओळखली गेली. मोडलेले हाड सांधते, हे सर्वांना ठाऊक आहे. पण सांधण्याचा हुकूम कुठून सुटतो? तो हाडातच साठवलेला असतो, हे इथल्या कामामुळे उमगले.

युरिस्ट यांचा प्रयोग शाळेत शोभेल इतका साधा होता. कोंबडीचे हाड व्हिनेगरमध्ये मुरू दिले की कॅल्शियम विरघळते आणि हाड रबरासारखे वाकते. युरिस्ट यांनी प्राण्यांची हाडे हायड्रोक्लोरिक आम्लात ठेवून खनिजे काढून टाकली. उरलेला, मुख्यतः कोलॅजन या तंतुमय प्रथिनाचा, मऊ साचा त्यांनी ससे, उंदीर अशा प्राण्यांच्या स्नायूंत बसवला. स्नायूत हाड उगवायचे खरे तर काही कारण नाही. तरीही काही आठवड्यांत तिथे नवे हाड धरले, आणि तेही त्या प्राण्याच्या स्वतःच्या पेशींचे. हे निष्कर्ष १९६५ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात छापून आले. शिकागोचे निकोलस सेन यांनी १८८९ मध्येच खनिजरहित हाडाने रुग्णांच्या हाडांतील पोकळ्या भरल्या होत्या. त्यामागचे कारण उलगडायला पाऊणशे वर्षे गेली.

१९७१ मध्ये युरिस्ट यांनी या अज्ञात घटकाला ‘बोन मॉर्फोजेनेटिक प्रोटीन’, थोडक्यात बीएमपी, असे नाव दिले. बारसे आधी झाले, बाळ नंतर सापडले! किलोभर हाडात हे प्रथिन मायक्रोग्रॅममध्ये मोजावे इतके थोडे असते, शिवाय कोलॅजनला घट्ट चिकटलेले. शिकागोत चार्ल्स हगिन्स यांच्यासोबत काम करणारे भारतीय वंशाचे ए. हरी रेड्डी यांनी १९७२ मध्ये या घडणीचा क्रम मांडला: आधी कूर्चा, मग हाड, शेवटी मज्जा. गर्भात हातापायांची लांब हाडे अशीच घडतात. १९८१ मध्ये रेड्डी आणि कुबेर संपत यांनी साच्यातला विद्राव्य भाग वेगळा केला. सुटे असताना दोन्ही भाग निकामी. पुन्हा एकत्र आणले की हाड तयार. अखेर १९८८ मध्ये जॉन वोझ्नी व सहकाऱ्यांनी बीएमपींची जनुके हाती लावली. बीएमपी हे एक प्रथिन नसून प्रथिनांचे कूळच आहे. गंमत अशी की, त्यातले ‘बीएमपी-१’ या कुळातले नाहीच. ते एक विकर (एन्झाइम) निघाले.

२००२ मध्ये अमेरिकेत बीएमपी-२ ला कमरेचे मणके जुळवण्याच्या शस्त्रक्रियेसाठी परवानगी मिळाली. मानेच्या मणक्यांत वापरल्यावर सूज येऊन श्वास अडखळल्याच्या तक्रारी आल्या आणि २००८ मध्ये औषध नियंत्रकांना इशारा द्यावा लागला.

हाच हुकूम चुकीच्या जागी सुटला की काय होते, ते एफओपी (फायब्रोडिस्प्लेसिया ऑसिफिकन्स प्रोग्रेसिव्हा) या अतिदुर्मिळ आनुवंशिक आजारात दिसते. यात स्नायू आणि स्नायुबंध हळूहळू हाड होत जातात. २००६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील आयलीन शोअर आणि फ्रेडरिक कॅप्लन यांच्या गटाने त्याचे मूळ एसीव्हीआर१ या जनुकात शोधले. बीएमपीचा निरोप पेशीत पोचवणारा ग्राहक (रिसेप्टर), म्हणजे पेशीवरचे निरोप झेलणारे प्रथिन, त्यातूनच बनतो. या रुग्णांत अंगावर आलेल्या गाठीचा तुकडा तपासणीसाठी काढला तर त्या जखमेतच हाड धरू शकते. म्हणून सुरी उचलण्याआधी पायांचे अंगठे पाहायचे असतात: ते जन्मापासून आखूड आणि आत वळलेले असतात.