सीपीसी म्हणजे आरपीएम नव्हे

"ब्लॉगवर हजार व्ह्यूजला जाहिरातींचे किती मिळतात?" असं कुणी विचारलं की सोलापुरात हमखास उत्तर येतं, "सीपीसी (एका क्लिकमागचा दर) तीन रुपये चाललाय, म्हणजे हजाराला तीन हजार." हे साफ चूक आहे. त्याच हिशेबावर लोक तीन-तीन वर्षांचं होस्टिंग (ब्लॉग ठेवायच्या जागेचं भाडं) एकरकमी भरून बसतात, म्हणून हा गोंधळ एकदाचा मिटवायलाच हवा.

सीपीसी बहुतेकांना ठाऊक आहे. वाचकाने जाहिरातीवर एक क्लिक केलं की त्यामागे पडणारी रक्कम, बस्स. क्लिक किती झाले, हे तो सांगत नाही. हजार वाचकांतले सगळेच काही जाहिरातीवर क्लिक करत नाहीत, दहा-बारा जणांनी केलं तरी पुष्कळ.

आरपीएम म्हणजे हजारामागची कमाई. तो सगळी कमाई पेज व्ह्यूजवर वाटतो: कमाई भागिले पेज व्ह्यूज, गुणिले १०००. हिशेबापुरते आकडे धरू. शेंगा चटणीच्या कृतीचं पान २,००० वेळा उघडलं, १६ क्लिक झाले, ४८ रुपये जमले. सीपीसी ३ रुपये, पण आरपीएम २४. दुसरा लेख टॉवेलचा जीएसएम (चौरस मीटरमागे ग्रॅममधलं वजन) कसा ओळखावा यावर. व्ह्यूज तेवढेच, क्लिक ४०, कमाई ८० रुपये. इथे सीपीसी २ रुपयांवर आला आणि आरपीएम ४० वर गेला. सीपीसी बघणारा टॉवेलवर लिहिणं थांबवेल आणि नुकसान करून घेईल. शिवाय २०२४ पासून ॲडसेन्स (ब्लॉगवर जाहिराती लावणारी गूगलची सेवा) जाहिरात दिसल्याचे पैसे देतं, क्लिकची वाट बघत नाही. म्हणजे नुसत्या सीपीसीवरून कमाईचा अंदाज बांधणं आता आणखीच फसवं.

पण खरी गफलत याच्या पुढे होते, कारण आरपीएमही दोन आहेत. पेज आरपीएम पेज व्ह्यूजवर निघतो, इम्प्रेशन आरपीएम दिसलेल्या जाहिरातींवर. चटणीच्या त्याच पानावर जाहिरातींच्या चार जागा आहेत. सगळे वाचक खालपर्यंत जात नाहीत, म्हणून ८,००० ऐवजी ५,००० इम्प्रेशन धरा. पेज आरपीएम २४ आणि इम्प्रेशन आरपीएम ९.६०. पान एकच, ४८ रुपयेही तेच. एकजण पहिला आकडा सांगतो, दुसरा आपला दुसरा आकडा त्याच्याशी ताडून बघतो आणि खट्टू होतो. कुणी आरपीएम सांगितला की आधी विचारा: कोणता?

पाचवी जाहिरात टाकली की इम्प्रेशन वाढतात आणि इम्प्रेशन आरपीएम बहुधा घसरतो. लोक घाबरून ती काढतात, पेज आरपीएम वाढला होता हे न बघताच. याच्या उलटही घडतं: पेज आरपीएम वाढतो, पण जाहिरातींना कंटाळून वाचक पुढचं पान उघडत नाहीत आणि महिन्याची कमाई खाली येते. म्हणून दोन लेखांची तुलना पेज आरपीएमवर करावी, जाहिरातीची जागा इम्प्रेशन आरपीएमवर ठरवावी आणि दोन्ही वेळा एकूण कमाईवर नजर ठेवावी.

तुलनेसाठी काळही सारखाच धरावा. गड्ड्याच्या, म्हणजे सोलापुरात जानेवारीत भरणाऱ्या सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत नंदीध्वज, अक्षता सोहळा शोधणारे वाढतात, पण जानेवारीत जाहिरातदार हात आखडता घेतात. व्ह्यूज वर आणि आरपीएम खाली दिसला तर ब्लॉग बिघडलेला नसतो. गड्ड्याचा लेख मागच्या गड्ड्याशीच ताडावा, दिवाळीशी नाही.

सीपीसीच्या नादाचा सगळ्यात वाईट परिणाम म्हणजे व्हॉट्सॲप ग्रुपवर "माझ्या जाहिरातीवर क्लिक करा" म्हणून मागे लागणं. असे क्लिक अवैध धरले जातात, पैसे कापले जातात, खातंही बंद होऊ शकतं. हे करूच नये. तसंच, सीपीसी जास्त म्हणून विमा आणि कर्जावर उसनं ज्ञान पाजळण्यापेक्षा चादर-टॉवेलची पारख लिहिलेली कधीही बरी.

आता सुरुवातीचा प्रश्न नीट मांडू. पेज आरपीएम २४ असेल आणि महिन्याला ५,००० रुपये हवे असतील तर सुमारे २,०८,००० पेज व्ह्यूज लागतात, म्हणजे रोज जवळपास ७,०००. एवढे वाचक येईपर्यंत डोमेन (ब्लॉगचा पत्ता) एका वर्षाचंच घ्यावं आणि गूगलच्या ब्लॉगर या सेवेला जोडावं. तिथे होस्टिंगचे पैसे पडत नाहीत.