दुधाचं चॉकलेट म्हणजे दूध नव्हे

अमळनेरला मावशीकडे गेलं की हे वाक्य हमखास कानावर येतं : "पोऱ्या दूध पेत नही, मंग चॉकलेट तरी खावू दे, त्यामा दूधच शे ना!" माया खरी, पण समजूत चुकीची.

पाकिटाची मागची बाजू वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात आणि मिल्क चॉकलेटवर पहिलं नाव बहुधा साखरेचं असतं. दूध असतं, पण भुकटीच्या रूपात. कारण दुधात पाणी असतं आणि पाणी मिसळलं तर चॉकलेट गुठळून घट्ट होतं. १८७५ च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये मिल्क चॉकलेट बनवू पाहणाऱ्या डॅनियल पीटर यांना हीच अडचण सोडवावी लागली होती.

४० ग्रॅमच्या वडीत साधारण २० ग्रॅमहून जास्त साखर, म्हणजे पाच चमचे, १२ ग्रॅमच्या आसपास स्निग्धांश आणि २०० पेक्षा जास्त कॅलरी. प्रथिनं जेमतेम ३ ग्रॅम, कॅल्शियम साधारण ८० मिलिग्रॅम. २०० मिलि गाईच्या दुधात प्रथिनं ६ ग्रॅमहून जास्त आणि कॅल्शियम २०० मिलिग्रॅमच्या वर. तेवढं कॅल्शियम चॉकलेटातून द्यायचं तर पोराला तीन वड्या आणि पंधरा चमचे साखर द्यावी लागेल! मला हा हिशेब मांडतानाच धस्स झालं.

पोर दूध पीत नसेल तर दही-ताक द्या, नाचणीची भाकरी द्या. प्रथिनांसाठी मूठभर भाजलेले शेंगदाणे आहेतच. चॉकलेट अधूनमधून खाऊ म्हणून जरूर द्या, फक्त दुधाच्या पेल्याऐवजी नको.