मेपल लीफ्सची होतकरू पोरं आणि दर उन्हाळ्यातली यादी : पार्श्वभूमी

जूनअखेरचा ड्राफ्ट, म्हणजे संघांनी आळीपाळीने तरुण खेळाडू निवडण्याचा कार्यक्रम, आटोपला, जुलैच्या पहिल्या दिवसांतली करारांची धावपळ ओसरली, की एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगमधल्या टोरांटो मेपल लीफ्सच्या चाहत्यांचे यादीचे दिवस सुरू होतात. ज्यांचे हक्क संघाकडे आहेत, पण ज्यांनी मुख्य संघात अजून पाय रोवलेले नाहीत, अशा वीस-पंचवीस पोरांचा क्रम लावायचा आणि तो लावताना हिरिरीने भांडायचं. क्रम लावायच्या दोन पद्धती रुळल्या आहेत. एकीत एकेका जागेसाठी मतदान होतं. पहिला ठरला की त्याला बाजूला काढून दुसऱ्यासाठी मत. दुसरीत प्रत्येक जण आपली पूर्ण यादी देतो आणि क्रमांकांची सरासरी काढली जाते. इथे निम्म्या लोकांनी चौथा आणि निम्म्यांनी सोळावा ठेवलेला खेळाडू दहावा येतो, म्हणजे कुणीच त्याला जिथे ठेवलं नव्हतं नेमका तिथे. पहिल्या पद्धतीत हा घोळ होत नाही, पण मोजक्या लोकांनी मनापासून उचलून धरलेलं पोर तिच्यात वर येऊच शकत नाही.

१९६३ पर्यंत ड्राफ्टच नव्हता. लीगमधले सहा संघ ज्युनिअर संघांना पैसा पुरवत आणि किशोरवयीन मुलांना करारात बांधून ठेवत. टोरांटोचे दोन ज्युनिअर संघ शहरातच होते, त्यातला मार्लबरोज तर मुख्य संघाच्याच गार्डन्स या स्टेडियममध्ये खेळे. १९६२, १९६३, १९६४ आणि १९६७ च्या स्टॅन्ले कपमागे, म्हणजे लीगच्या विजेतेपदांमागे, ही घरची भरती होती. १९६३ मध्ये मॉन्ट्रियलच्या एका हॉटेलात बंद दाराआड पहिला ड्राफ्ट झाला तेव्हा जेमतेम २१ मुलं निवडली गेली, कारण चांगली मुलं आधीच बांधलेली होती. १९६९ पासून सगळी मुलं ड्राफ्टमध्ये येऊ लागली, १९८० मध्ये तो प्रेक्षकांसमोर होऊ लागला आणि १९८४ मध्ये टीव्हीवर आला. चाहत्याला मत बनवायला काही दिसायला हवं, ते तेव्हा कुठे दिसू लागलं.

लीफ्सच्या चाहत्यांना दिसलं ते मात्र जिव्हारी लागणारं होतं. १९८९ मध्ये पहिल्या फेरीत संघाकडे तीन निवडी होत्या, तिसरी, बारावी आणि एकविसावी. तिन्ही खेळाडू एकाच ज्युनिअर संघातून, बेलव्हिलमधून उचलले. त्याच वर्षी एका अनुभवी बचावपटूसाठी १९९१ ची पहिल्या फेरीची निवड न्यू जर्सीला देऊन टाकली. संघ घसरला, ती निवड तिसऱ्या क्रमांकाची ठरली आणि तिच्यातून न्यू जर्सीला एका पिढीतला सर्वोत्तम म्हणावा असा बचावपटू मिळाला. टोरांटोत भविष्य विकून वर्तमान विकत घेतात, हा समज तिथून पक्का झाला. यादी करणाऱ्याच्या बोलण्यात आजही जी धास्ती असते ती याच काळातली आहे.

यादीचं आजचं रूप घडलं २००५ नंतर. त्या वर्षी दोन गोष्टी झाल्या. एक हंगाम पूर्ण बुडवून लीगने पगारावर कमाल मर्यादा आणली, संघामागे ३ कोटी ९० लाख डॉलर. पूर्वी टोरांटोसारखा श्रीमंत संघ तयार खेळाडू विकत घेऊन वेळ मारून नेई. आता स्वस्तात खेळणारा बावीस वर्षांचा पोरगा हा संघरचनेचा कणा झाला, कारण पहिल्या करारात त्याचा पगार बांधलेला असतो आणि वाचलेला पैसा ताऱ्यांना देता येतो. दुसरी गोष्ट स्थानिक. न्यूफाउंडलंडमधल्या सेंट जॉन्समध्ये असलेला दुय्यम संघ, जिथे होतकरू पोरं मुख्य संघासाठी तयार होतात, टोरांटोत आला आणि जुन्या मार्लबरोजच्या आठवणीने त्याचं नाव मार्लीज ठेवलं. होतकरू पोरं एकाएकी शहराच्या आवाक्यात आली. रविवारी दुपारी स्वस्तातलं तिकीट काढून कुणीही जाऊन बघू शकत होतं, आणि मत द्यायला बातमीदाराची गरज उरली नाही.

लगेच पुढच्या वर्षी तो निर्णय झाला ज्याच्याशिवाय टोरांटोतली कोणतीही यादी समजत नाही. २००६ च्या उन्हाळ्यात संघाकडे दोन तरुण गोलरक्षक होते. एक २००४ मध्ये तिसऱ्या फेरीत नव्वदावा घेतलेला कॅनडाचा मुलगा. दुसरा २००५ मध्ये पहिल्या फेरीत एकविसावा घेतलेला फिनलंडचा. दोघांची थेट तुलना त्याच जानेवारीत झाली होती, व्हँकुव्हरच्या वीस वर्षांखालील जागतिक स्पर्धेत. सुवर्णपदक कॅनडाच्या मुलाने जिंकलं, घरच्या बर्फावर. फिनलंडला कांस्य मिळालं, पण स्पर्धेतला सर्वोत्तम गोलरक्षक म्हणून गौरव फिनलंडच्या मुलाचा झाला. जूनमध्ये संघाने फिनलंडचा मुलगा बॉस्टनला दिला आणि बदल्यात दोन वर्षांपूर्वी सर्वोत्तम नवोदिताचा मान मिळवलेला गोलरक्षक घेतला.

निर्णयाची बाजू घेणारे म्हणतात की संघाला त्याच हंगामात गोलरक्षक हवा होता आणि हाताशी दुसरा तरुण होताच. आलेल्या खेळाडूने पहिल्या हंगामात ३७ सामने जिंकूनही दिले, तो क्लबच्या विक्रमाशी बरोबरी करणारा आकडा होता. पण दोन वर्षांत संघाने पैसे मोजून त्याचा करार संपवला. ज्याला ठेवून घेतलं तो कॅनडाचा मुलगा लीगमध्ये एकूण सात सामने खेळला. फिनलंडच्या मुलाने २०१४ मध्ये लीगमधल्या सर्वोत्तम गोलरक्षकाचा मान मिळवला, आणि २०१३, २०१८, २०१९ अशा तीन वर्षांत टोरांटो हंगामाअखेरच्या बाद सामन्यांच्या पहिल्याच फेरीत, निर्णायक सातव्या सामन्यात बॉस्टनकडून हरलं तेव्हा तिन्ही वेळा समोरच्या गोलमध्ये तोच उभा होता. २०१३ च्या त्या सामन्यात शेवटच्या सत्रात ४-१ अशी आघाडी होती आणि ५-४ असा पराभव झाला, हे टोरांटोत कुणाला सांगावं लागत नाही.

या प्रकरणाचं ओझं माझ्या मते योग्यच आहे. ते नशिबाचं नव्हतं. दोन पोरांत कोणता पुढे जाणार हा प्रश्न होता, म्हणजे यादीचाच प्रश्न होता, आणि तो ज्यांच्या हाती होता त्यांनी हंगामाच्या घाईत सोडवला. २००९ मध्ये एका गोल करणाऱ्या विंगरसाठी (कडेने खेळणारा आक्रमक) ड्राफ्टमधल्या पहिल्या फेरीच्या दोन निवडी बॉस्टनलाच दिल्या गेल्या आणि त्या पुढे दुसऱ्या व नवव्या क्रमांकाच्या निघाल्या, तेव्हा चाहत्यांनी यादी करणं हा निव्वळ छंद राहिला नाही. संघाच्या कारभारावरची ती नजर झाली.

याच काळात आकडेवाले आले. वेगवेगळ्या लीगमधल्या पॉइंटांची (गोल आणि गोलासाठी दिलेले पास मिळून होणारे गुण) एनएचएलच्या पॉइंटात बदली करून दाखवायचा हिशेब रूढ झाला. सुरुवातीच्या हिशेबांत ओंटारियोच्या ज्युनिअर लीगमधला पॉइंट साधारण ०.३ धरला जाई, दुय्यम लीगमधला ०.४५ च्या आसपास. त्यामुळे स्वीडनमधला, स्वित्झर्लंडमधला आणि ओंटारियोतल्या लंडनमधला मुलगा एका पट्टीवर आले. बर्फाजवळ बसून बघणारे आणि तक्ते बघणारे यांच्यातली तेढ तिथून सुरू झाली. २०१५ चा ड्राफ्ट हा त्या तेढीचा कळस. चौथ्या क्रमांकावर मोठ्या चणीचा बचावपटू घ्यायचा की लंडनमध्ये एका हंगामात १२६ पॉइंट काढणारा बारीक अंगाचा विंगर? संघाने विंगर घेतला. बचावपटू लगेच पाचव्या क्रमांकावर गेला.

तो विंगर पुढचं वर्ष मार्लीजकडे खेळू शकला नाही, आणि याचं कारण यादी वाचताना लक्षात ठेवावं लागतं. तेव्हाच्या नियमाने कॅनडाच्या ज्युनिअर लीगमधून निवडलेला मुलगा वीस वर्षांचा होईपर्यंत एकतर मुख्य संघात खेळे नाहीतर ज्युनिअरमध्ये परत जाई, दुय्यम संघात नाही. २०१४ मध्ये आठवा निवडलेला स्वीडिश मुलगा अठराव्या वर्षीच मार्लीजकडे आला, प्रौढांशी खेळला, चाहत्यांनी त्याला डोळ्यांनी पाहिलं. विंगर मात्र लंडनला परतून आपल्याहून लहान मुलांना हरवत राहिला. दोघांची तुलना करायची कशी? २०१६ मध्ये शेवटच्या क्रमांकावर राहिलेल्या टोरांटोने पहिल्या निवडीसाठीची २० टक्के शक्यतेची लॉटरी जिंकून पहिल्या क्रमांकावर झुरिकमध्ये खेळलेला सेंटर (मधला आक्रमक) घेतला आणि हा वाद काही काळ मागे पडला. २०१६-१७ हा तिघांचाही मुख्य संघातला पहिला पूर्ण हंगाम ठरला.

मुळात होतकरू, म्हणजे प्रॉस्पेक्ट, कुणाला म्हणायचं? या प्रश्नावर टोरांटोत क्रमापेक्षा जास्त शाई सांडली आहे.

काही याद्या लीगच्या सर्वोत्तम नवोदित पुरस्काराचा नियम उचलतात. १९९० मध्ये एका सोव्हिएत खेळाडूला ३१ व्या वर्षी तो पुरस्कार मिळाल्यावर त्यात वयाची अट घातली गेली, १५ सप्टेंबरला वय २६ पेक्षा कमी हवं. त्याआधीच्या कोणत्याही एका हंगामात २५ पेक्षा जास्त सामने नकोत आणि कोणत्याही दोन हंगामांत प्रत्येकी सहा किंवा जास्त सामने नकोत. ही शेवटची अट गळ्याशी येते. २०१९ मध्ये ५३ वा निवडलेला एक छोटा विंगर घ्या. पुढच्या ज्युनिअर हंगामात त्याने ४६ सामन्यांत ५५ गोल केले आणि तो याद्यांत वर चढला. त्यानंतर दुखापती, सहा सामने एका हंगामात, दहा पुढच्या. सोळा सामन्यांत पुरस्काराच्या नियमाने तो नवोदित उरला नाही. एकूण साठ-पासष्ट सामन्यांची मर्यादा ठेवणाऱ्यांकडे मात्र तो होतकरूच होता. त्याच उन्हाळ्यात तो एका यादीत अग्रभागी आणि दुसरीत गायब, असं होणं साहजिक होतं.

दुसरी वाट वयाची. पंचविशीच्या आतले सगळे एकत्र घ्यायचे, मग तो तारा असो की कालचा निवडलेला पोरगा. भांडण टळतं, पण यादीचा वरचा भाग वर्षानुवर्षं हलत नाही, कारण तिथे मुख्य संघाचे ठरलेले खेळाडू बसतात. शिवाय ही रेषा गोलरक्षकांवर अन्याय करते. २०१६ मध्ये ६२ वा निवडलेला टोरांटोचा गोलरक्षक पंचवीस वर्षांचा झाला तेव्हा त्याचे मुख्य संघातले साखळी सामने ११ होते. नेमका त्याचा काळ सुरू होताना तो यादीतून बाद. २००६ मध्ये जो घाव बसला तो गोलरक्षकांच्याच बाबतीत, आणि तरी संयमाला जागा नसलेली रेषा टोरांटोकरांनी स्वीकारावी हे मला पटत नाही. सामन्यांची मर्यादा ठेवावी, गोलरक्षकांना ती वेगळी ठेवावी.

तारखेचा खेळ आणखी खाली जातो. १५ सप्टेंबरपर्यंत अठरा वर्षं पूर्ण करणारा त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये येतो. तो ५५ गोलवाला विंगर ११ सप्टेंबरचा, म्हणून आपल्या ड्राफ्टमधल्या सर्वांत लहान मुलांपैकी एक. २०१६ चा सेंटर १७ सप्टेंबरचा, दोन दिवसांनी चुकला आणि पुढच्या ड्राफ्टमध्ये वर्षभराने मोठा होऊन आला. एकाच वर्षी निवडलेल्या दोन मुलांचे आकडे शेजारी ठेवताना जन्मतारीख बघितली नाही तर सगळी तुलना फसते.

अलीकडच्या याद्या पातळ झाल्या आहेत. मार्च २०२५ मध्ये एकाच दिवशी दोन होतकरू गेले. २०२२ चा ३८ वा निवडलेला सेंटर बॉस्टनला आणि एक रशियन विंगर फिलाडेल्फियाला, सोबत २०२६ आणि २०२७ च्या पहिल्या फेरीच्या निवडीही. उरलेल्यांत सगळ्यांची नजर होती २०२३ मध्ये २८ वा घेतलेल्या लंडनच्या विंगरवर. निवड झाली त्या दिवशी बऱ्याच चाहत्यांनी तिला घाईची निवड म्हटलं होतं. जून २०२५ मध्ये लंडनने मेमोरियल कप, म्हणजे कॅनडाच्या ज्युनिअर संघांचं विजेतेपद, जिंकला आणि स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला.

आता पट्टीच बदलते आहे. अमेरिकन विद्यापीठांनी कॅनडाच्या ज्युनिअर खेळाडूंना दारं बंद ठेवली होती, ती ऑगस्ट २०२५ पासून उघडली. अठरा-एकोणीस वर्षांचे चांगले खेळाडू तिकडे निघाले आहेत. ज्युनिअर लीगमधली वरची फळी विरळ होणार आणि विद्यापीठांतली दाट. ०.३ सारखे आकडे ज्या जुन्या हंगामांवरून काढले ते हंगाम या नव्या लीगशी जुळत नाहीत, त्यामुळे दोन्हीकडचे पॉइंट नव्याने तोलावे लागतील, आणि त्यासाठी किमान दोन-तीन हंगाम हाताशी यावे लागतील. तोवर येणाऱ्या याद्यांत बर्फाजवळ बसून बघणाऱ्यांच्या मताला जास्त वजन द्यावं लागेल.